खोलीच्या तापमानाला द्रावणातून नॅनोस्फटिक आणि सच्छिद्र स्फटिकी पदार्थ : नागपुरातील विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपूर आणि परिसरातील महाविद्यालयांत एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.चे सुरुवातीचे काम करणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. विषय बीकरमध्ये दोन द्रावणे एकत्र करून नॅनोस्फटिक (नॅनोमीटरमध्ये मोजावे लागणारे अतिसूक्ष्म स्फटिक) आणि सच्छिद्र स्फटिकी पदार्थ यांच्या होणाऱ्या संश्लेषणापुरता ठेवला आहे. ऑटोक्लेव्ह (दाबाखाली तापवायचे बंद भांडे), भट्टी आणि निर्वात पद्धतींचा उल्लेख केवळ तुलनेपुरता येईल.

या पद्धतीत बीकरमध्ये नेमके काय घडते?

दोन विरघळलेले घटक एकत्र आले की त्यांच्यापासून तयार होणारे संयुग त्या द्रावकात फारसे विरघळत नाही आणि द्रावण अतिसंपृक्त होते. ही अतिसंपृक्तता एका मर्यादेपलीकडे गेली की असंख्य सूक्ष्म बीजे जवळजवळ एकदम जन्मतात, त्यामुळे द्रावणातील घटकांचे प्रमाण झपाट्याने खाली येते आणि पुढे नवी बीजे न होता असलेलीच वाढत राहतात. गंधकाच्या कलिल द्रावणांच्या अभ्यासातून लामेर आणि डिनेगर यांनी १९५० मध्ये हे चित्र मांडले. आजच्या मोजमापांनी त्यात बऱ्याच दुरुस्त्या सुचवल्या असल्या तरी प्रयोगाची आखणी करताना ते अजूनही उपयोगी पडते. बीजे थोड्या वेळात आणि पुष्कळ झाली तर कण लहान व सारख्या आकाराचे मिळतात. बीजनिर्मिती रेंगाळली तर आधी जन्मलेले कण मोठे, नंतरचे लहान, असा मिश्र माल हाती येतो. त्यानंतरही द्रावण तसेच ठेवले तर लहान कण विरघळून मोठ्या कणांवर जमा होतात, आणि म्हणून ‘रात्रभर ढवळले’ आणि ‘तासभर ढवळले’ हे दोन वेगळे प्रयोग आहेत.

नागपुरात ‘खोलीचे तापमान’ किती मानायचे?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वाधिक नमुने याच्यामुळे बिघडतात. शोधनिबंधात ‘खोलीचे तापमान’ लिहिले असेल तेव्हा लेखकांच्या प्रयोगशाळेत बहुधा २० ते २५ अंश सेल्सिअस असतात. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या खाली जातो आणि नवतपाच्या दिवसांत दुपारी ४५ च्या वर चढतो. इमारतीच्या आत हा फरक सौम्य होतो हे खरे, पण वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेत वर्षभरात १५ ते ४० अंशांची वाटचाल सहज होते. अभिक्रियेचा वेग दर १० अंशांना सुमारे दुप्पट होतो हा ढोबळ नियम धरला तर २५ अंशांच्या फरकाने तो पाच ते सहा पट बदलतो. एकाच विरजणाचे दही मे महिन्यात दुपारपर्यंत आंबट होते आणि जानेवारीत सकाळपर्यंत लागतच नाही, हे घराघरांत ठाऊक असताना झिंक नायट्रेटकडून मात्र आपण बारा महिने सारख्याच वागणुकीची अपेक्षा ठेवतो.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. तापमान वाढल्याने केवळ वेग वाढत नाही. तयार होणाऱ्या पदार्थाची विद्राव्यताही बदलते, म्हणजेच अतिसंपृक्तता बदलते. त्यामुळे उन्हाळ्यात कण मोठे मिळतील की लहान, याचे सर्व पदार्थांना लागू होणारे एकच उत्तर नाही. ज्या पदार्थावर काम करायचे आहे त्यावर दोन-तीन तापमानांना स्वतः प्रयोग करून पाहणे हाच मार्ग आहे, आणि वातानुकूलन नसलेल्या प्रयोगशाळेला तर ही अभ्यासाची आयती संधी आहे.

व्यवहारात पुढील काळजी पुरेशी ठरते. दोन्ही द्रावणे मिसळण्यापूर्वी एकाच जलपात्रात अर्धा-पाऊण तास ठेवावीत, थर्मामीटर भिंतीवर टांगण्याऐवजी द्रावणात बुडवावा आणि सुरुवातीचे व शेवटचे अशी दोन्ही तापमाने वहीत लिहावीत. मॅग्नेटिक स्टिररची तबकडी आधीच्या प्रयोगामुळे गरम राहिलेली असते, तीही हाताने तपासावी. प्रबंधात ‘खोलीच्या तापमानाला’ एवढेच लिहून थांबू नये. ‘३१ ± १ अंश’ असे लिहिले तर ते काम दुसऱ्या कोणाला तरी पुन्हा करता येईल.

ही पद्धत अलीकडची आहे का?

नाही. मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या क्षाराचे फॉस्फरसने क्षपण करून माणकासारखे लाल कलिल द्रावण बनवले, ते तापवून नव्हे. त्याहून जुने उदाहरण प्रशियन ब्लूचे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये रंगद्रव्य म्हणून सापडलेला हा पदार्थ लोह आणि सायनाइड गटांच्या घनाकृती जाळीचा बनलेला असून त्या जाळीत पोकळ्या आहेत. थॅलियम आणि किरणोत्सारी सिझियम शरीरातून काढून टाकण्यासाठी तो औषध म्हणून दिला जातो. फेरिक आयन ओळखण्यासाठी पोटॅशियम फेरोसायनाइड घालून परीक्षानळीत जो गडद निळा अवक्षेप आपण कनिष्ठ महाविद्यालयात पाहिला, तो खोलीच्या तापमानाला द्रावणातून मिळवलेला सच्छिद्र स्फटिकी पदार्थच होता.

त्या परीक्षानळीतील अवक्षेपात मात्र जाळीतील अनेक जागा रिकाम्या राहिलेल्या असतात, कारण तो क्षणार्धात तयार होतो. सोडियम आयन बॅटरीसाठी याच कुळातील पदार्थ बनवताना द्रावणात सायट्रेट घालतात. सायट्रेट धातूच्या आयनांना धरून ठेवते, हळूहळू सोडते, आणि स्फटिक सावकाश व नीट वाढतात. या संपूर्ण विषयाची गुरुकिल्ली येथे आहे असे मला वाटते. भट्टीत वेगाचे नियंत्रण तापमानाने होते. बीकरमध्ये ते काम सायट्रेटसारखे बांधून ठेवणारे रेणू, सामू, द्रावक, संहती आणि मिसळण्याचा क्रम यांच्याकडून करून घ्यावे लागते.

काही पदार्थ उष्णतेशिवाय सहज बनतात आणि काही अजिबात नाही, असे का?

स्फटिक नीट बनण्यासाठी चुकीच्या जागी झालेला बंध सुटून पुन्हा योग्य जागी जुळला पाहिजे. हे खोलीच्या तापमानाला होईल की नाही, हे धातूचा आयन आपल्याभोवतीचे रेणू किती चटकन सोडतो यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते. पाण्यातील तांब्याचा द्विसंयुजी आयन आपल्याभोवतीचा पाण्याचा रेणू सेकंदाला सुमारे १०⁹ वेळा बदलतो, जस्ताचा आयन सुमारे १०⁷ वेळा. क्रोमियमच्या त्रिसंयुजी आयनासाठी हाच आकडा सुमारे १०⁻⁶ आहे, म्हणजे एका अदलाबदलीला काही दिवस लागतात. म्हणूनच जस्त आणि तांबे यांच्या चौकटी (धातूचे आयन आणि त्यांना जोडणारे सेंद्रिय रेणू, म्हणजे लिंकर, यांच्या सच्छिद्र जाळ्या; इंग्रजीत संक्षेपाने ‘मॉफ’) बीकरमध्ये मिनिटांत उभ्या राहतात, तर क्रोमियमच्या एमआयएल-१०१ या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पदार्थाला २२० अंशांचा ऑटोक्लेव्ह लागला. प्रकल्पाचा विषय निवडण्यापूर्वी ही तीन संख्या डोळ्यांसमोर ठेवल्या तर बरेच महिने वाचतात.

अर्धवाहकांमध्ये हाच फरक बंधाच्या स्वरूपातून दिसतो. कॅडमियम सेलेनाइडचे उत्तम नॅनोस्फटिक मिळवण्यासाठी मुंगी बावेंडी यांच्या गटाने १९९३ मध्ये ३०० अंशांच्या आसपास तापवलेल्या द्रावकात घटक एकदम टोचण्याची पद्धत वापरली. २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ब्रुस आणि एकिमोव्ह यांच्यासह त्यांना मिळाले. याउलट सिझियम लेड ब्रोमाइडसारख्या हॅलाइड पेरोव्स्काइटची जाळी बरीचशी आयनिक असल्यामुळे ती साध्या तापमानाला, काही सेकंदांत, चांगल्या गुणवत्तेने जुळते.

सुरुवात कोणत्या सच्छिद्र पदार्थाने करावी?

झिफ-८ ने. जस्ताचे आयन आणि २-मेथिलइमिडाझोल यांपासून बनणारी ही चौकट सोडालाइट या झिओलाइटच्या (सच्छिद्र अ‍ॅल्युमिनोसिलिकेटच्या) घडणीची आहे. तिच्यातील पोकळ्यांचा व्यास ११.६ अँगस्ट्रॉम आणि त्यांच्या दारांचा सुमारे ३.४ अँगस्ट्रॉम. ती पाण्याला दाद देत नाही, कच्चा माल फार महाग नाही आणि चूक झाली तर लगेच दिसते. २००९ मध्ये क्रावियों आणि सहकाऱ्यांनी मेथॅनॉलमध्ये खोलीच्या तापमानाला तिचे नॅनोस्फटिक बनवता येतात हे दाखवल्यापासून ती जगभर या पद्धतीची पहिली पायरी झाली आहे.

साधे प्रमाण असे ठेवावे : झिंक नायट्रेट हेक्साहायड्रेट ०.३० ग्रॅम, म्हणजे १ मिलिमोल, १५ मि.लि. मेथॅनॉलमध्ये, २-मेथिलइमिडाझोल ०.६६ ग्रॅम, म्हणजे ८ मिलिमोल, आणखी १५ मि.लि. मेथॅनॉलमध्ये. जस्ताचे द्रावण लिंकरच्या ढवळत्या द्रावणात एकदम ओतावे. थोड्याच वेळात द्रावण दुधाळ होते. तासाभराने सेंट्रिफ्यूज करून मेथॅनॉलने दोन-तीनदा धुवावे आणि वाळवावे. जस्त पूर्ण वापरले गेले तर सैद्धांतिक उत्पन्न ०.२३ ग्रॅम येते. हाती त्याहून बरेच कमी आले तर प्रथम सेंट्रिफ्यूजवर संशय घ्यावा, कारण पन्नास नॅनोमीटरच्या आसपासचे कण कमी फेऱ्यांच्या यंत्रात खाली बसत नाहीत आणि दुधाळ द्रवाबरोबर वाहून जातात.

लिंकर आठ पट का घ्यायचे, हा पुढचा प्रश्न ओघाने येतो. चौकटीत एका जस्ताला दोनच लिंकर लागतात. उरलेले रेणू काही प्रमाणात आम्लारीचे काम करतात, काही स्फटिकांच्या पृष्ठभागावर बसून वाढ रोखतात आणि त्यामुळे कण लहान राहतात. लिंकरचे प्रमाण दोनाकडे आणत गेलो की कण मोठे होतात. म्हणजे तीन-चतुर्थांश लिंकर धुण्यात जाते, आणि ‘हरित पद्धत’ हा शब्द वापरण्यापूर्वी ते कोठे गेले याचा हिशेब द्यावा लागतो.

मेथॅनॉलऐवजी पाण्यात करता येईल का?

येते. २०११ मध्ये पाण्यातील पद्धत प्रसिद्ध झाली आणि त्यात काही मिनिटांत सुमारे ८५ नॅनोमीटरचे स्फटिक मिळाले, परंतु जस्त आणि लिंकर यांचे मोलर प्रमाण १ : ७० होते. मेथॅनॉल टळले, पण सत्तरांपैकी अडुसष्ट लिंकर वाया गेले. लिंकर कमी करून त्याच्या जागी ट्रायएथिलअमिनसारखी आम्लारी वापरण्याचे प्रयत्न नंतर झाले आहेत. ते अधिक शहाणपणाचे वाटतात.

कार्बोक्झिलिक आम्लाचे लिंकर वापरल्यावर अवक्षेपच येत नाही. का?

बहुधा आम्लाचा प्रोटॉन काढून घेणारे कोणी द्रावणात नसते. डायमेथिलफॉर्मामाइडमध्ये १०० अंशांच्या वर तापवण्याच्या पद्धतीत हा द्रावकच हळूहळू विघटित होऊन डायमेथिलअमिन सोडतो, आणि तीच आम्लारी लिंकरला मुक्त करते. ही मदत न सांगता मिळत असल्यामुळे कृतीत तिचा उल्लेख नसतो. तीच कृती न तापवता केली की मदत थांबते आणि बीकर स्वच्छ राहतो. उपाय तीन आहेत : ट्रायएथिलअमिन घालणे, लिंकरचा सोडियम क्षार वापरणे, किंवा नायट्रेटऐवजी धातूचे अ‍ॅसिटेट घेणे. रसायनशास्त्रज्ञ ओमर यागी यांच्या गटाने २००८ मध्ये मॉफ-५, मॉफ-७४ आणि मॉफ-१७७ यांसह काही चौकटी खोलीच्या तापमानाला बनवल्या त्या याच विचाराने. ट्रायएथिलअमिन एकदम ओतले तर अस्फटिकी गाळ पडतो किंवा जस्ताचे हायड्रॉक्साइड मिसळते, म्हणून ते पातळ करून थेंबाथेंबाने घालावे.

एचकेयूएसटी-१ या तांब्याच्या चौकटीसाठी याहून चतुर तोड निघाली आहे. झिंक ऑक्साइड आणि कॉपर नायट्रेट यांपासून आधी दोन्ही धातूंचा हायड्रॉक्सी क्षार बनवतात आणि मग त्यात ट्रायमेसिक आम्ल घालतात. क्षारातील हायड्रॉक्साइडच प्रोटॉन टिपते आणि चौकट मिनिटभरात तयार होते. २०१५ मध्ये आलेली ही कृती एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेत करून पाहण्याजोगी आहे. स्फटिक निळे दिसतात आणि पोकळ्यांतील पाणी निघून गेले की गडद जांभळट होतात, त्यामुळे पदार्थ कोरडा झाला की नाही हे डोळ्यांनाही कळते.

मॉफ-५ जूनपर्यंत चांगले येते आणि पावसाळ्यात बिघडते. काय चुकते?

जस्त आणि ऑक्सिजनचे बंध पाण्यापुढे टिकत नाहीत. दमट हवेत उघडा ठेवलेला मॉफ-५ आपली घडण गमावतो. जुलै-ऑगस्टमधील नागपूरची हवा त्यासाठी पुरेशी आहे. मात्र जूनपर्यंत सर्व ठीक असते हेही गृहीत धरू नये, कारण बाहेर हवा कोरडी ठणठणीत असली तरी प्रयोगशाळेत डेझर्ट कूलर चालू असेल तर तो खोलीत सतत बाष्प सोडत असतो. कूलरसमोर बाटली उघडून वजन करणारे विद्यार्थी दरवर्षी दिसतात. मॉफ-५ करायचाच असेल तर कोरडा द्रावक, बंद भांडे आणि डेसिकेटर या तिन्हींची सोय असावी. नसेल तर झिफ-८ किंवा झिर्कोनियमची यूआयओ-६६ चौकट घ्यावी.

यूआयओ-६६ खोलीच्या तापमानाला होते का?

अर्धी होते. सहा झिर्कोनियम अणूंचा समूह आधी तापवून बनवायचा आणि मग लिंकर साध्या तापमानाला घालायचे, अशी कृती २०१७ पासून उपलब्ध आहे. अशा नमुन्यात लिंकर नसलेल्या रिकाम्या जागा अधिक राहतात. उत्प्रेरणासाठी तो फायदा ठरू शकतो. पहिल्या टप्प्यातील उष्णता लिहायला विसरू नये.

नॅनोस्फटिकांपैकी काय करून पाहावे?

चांदी सर्वांत सोपी वाटते आणि सर्वांत लहरी आहे. २ मिलिमोलर सोडियम बोरोहायड्राइडच्या ३० मि.लि. द्रावणात १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटचे १० मि.लि. थेंबाथेंबाने घालण्याची कृती जगभर शिकवली जाते आणि पिवळे द्रावण मिळून ४०० नॅनोमीटरच्या आसपास शोषणाचे शिखर दिसते. त्या कृतीत बोरोहायड्राइड बर्फात ठेवायला सांगितलेले असते, कारण पाण्यात त्याचे विघटन होत राहते आणि उष्णतेने ते वाढते. मे महिन्यात बर्फ टाळला तर पिवळ्याऐवजी करडा गाळ मिळण्याची शक्यता मोठी. बोरोहायड्राइडचे द्रावण त्याच वेळी ताजे बनवावे. सकाळी बनवलेले दुपारी वापरू नये.

झिंक ऑक्साइड अधिक शिकवून जाते. झिंक अ‍ॅसिटेटच्या इथेनॉलमधील द्रावणात लिथियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड घातले की काही नॅनोमीटरचे कण होतात, अतिनील दिव्याखाली पिवळट-हिरवे चमकतात आणि बाटलीत पडल्यापडल्या वाढत राहतात. पाणी आणि ऊब दोन्हींनी ही वाढ वेग घेते. दर तासाला शोषण-वर्णपट घेतला तर शोषणाची कड दीर्घ तरंगलांबीकडे, झिंक ऑक्साइडच्या मोठ्या स्फटिकाच्या ३७० नॅनोमीटरच्या दिशेने, सरकताना दिसते. एक साधा स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि दोन तापमानांची जलपात्रे एवढ्या सामग्रीवर वाढीच्या गतिकीचा संपूर्ण प्रकल्प उभा राहतो, आणि त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या रांगेत थांबावे लागत नाही. माझ्या मते विदर्भातील लहान महाविद्यालयांसाठी याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही.

पेरोव्स्काइटचे कण बनवताना ध्रुवीय द्रावकातील लेड ब्रोमाइड आणि सिझियम ब्रोमाइडचे द्रावण, ओलेइक आम्ल व ओलेइलअमिनसह, टोल्युइनमध्ये टोचतात; क्षार टोल्युइनमध्ये विरघळत नसल्यामुळे हिरवे चमकणारे स्फटिक लगेच अवतरतात. दृश्य मोहक आहे, पण त्यात विषारी शिसे आहे. पदवी स्तरावर हा प्रयोग ठेवू नये.

नागपुरी संत्र्याच्या सालीच्या अर्कातून चांदीचे कण बनवणे हा चांगला प्रकल्प आहे का?

कण बनतात यात शंका नाही. सालीतील शर्करा, अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आणि फ्लेव्होनॉइड चांदीचे क्षपण करतात. अडचण अशी की अर्कात काय आणि किती आहे हे आंबिया बहाराच्या फळात आणि मृग बहाराच्या फळात सारखे नसते, साल किती दिवस वाळवली यावरही ते अवलंबून असते, आणि बहुतेक प्रकल्प-अहवालांत यांतले काहीच मोजलेले नसते. पानांच्या व सालींच्या अर्कांवरील असे निबंध ढिगाने आहेत. वनस्पतीचे नाव बदलून आणखी एक लिहिल्याने कोणाच्या ज्ञानात भर पडत नाही. तेच काम दोन्ही बहारांच्या सालींवर, अर्कातील क्षपणकारी घटक मोजून आणि शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाशी तुलना करून केले तर ते वाचण्यासारखे होईल.

नळाचे किंवा आर.ओ.चे पाणी चालेल का?

चालणार नाही. पेंच आणि कन्हानचे पाणी पिण्यासाठी शुद्ध केलेले असते. त्यात क्लोराइड, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतातच. क्लोराइडमुळे सिल्व्हर क्लोराइड पडते, द्विसंयुजी आयन कलिल कणांवरील विद्युतभार झाकून त्यांना गोळा करतात. आर.ओ. यंत्र क्षार कमी करते, पूर्ण काढत नाही. ऊर्ध्वपातित किंवा विआयनित पाणीच घ्यावे आणि शेवटची खळबळही त्याच पाण्याने करावी.

एक्सआरडीसाठी (क्ष-किरण विवर्तनासाठी) नमुना पाठवताना काय सांगावे?

सच्छिद्र चौकटींचे सर्वांत महत्त्वाचे परावर्तन फार लहान कोनांवर असते, हे यंत्र चालवणाऱ्यांना स्पष्ट लिहून द्यावे. तांब्याच्या क्ष-किरणांत झिफ-८ चे मुख्य शिखर ७.३ अंशांवर आणि पुढची १०.४ व १२.७ अंशांवर येतात. ऑक्साइडच्या सवयीने मोजणी २० अंशांपासून सुरू झाली तर ओळख पटवणारी सगळी शिखरे आलेखाबाहेर राहतात आणि शुल्क भरून हाती काहीच पडत नाही. सुरुवात ५ अंशांपासून मागावी.

शिखराच्या रुंदीवरून शेरर समीकरणाने स्फटिकाचा आकार काढता येतो. ७.३ अंशांवरील शिखराची अर्धउंचीवरील रुंदी ०.२ अंश असेल तर आकार सुमारे ४० नॅनोमीटर येतो, मात्र त्यासाठी यंत्राची स्वतःची रुंदी वजा केलेली असली पाहिजे. तसेच हा स्फटिकी प्रांताचा आकार आहे. एका कणात असे अनेक प्रांत असू शकतात.

पदार्थ न तापवता बनवला, मग छिद्रे रिकामी करण्यासाठी तापवणे चालते का?

चालते आणि बहुधा आवश्यकही असते. संश्लेषणानंतर छिद्रांत द्रावक आणि न वापरलेले लिंकर अडकून असतात. ते काढल्याशिवाय नायट्रोजन शोषणाने पृष्ठफळ मोजण्यात अर्थ नाही. नीट रिकाम्या केलेल्या झिफ-८ चे पृष्ठफळ ग्रॅमला १,६०० चौरस मीटरच्या आसपास अपेक्षित असते. ९०० आले तर पदार्थ टाकून देण्यापूर्वी पुन्हा मेथॅनॉलने धुऊन निर्वातात तापवून पाहावे. एचकेयूएसटी-१ ला निर्वातात १५० अंशांच्या आसपास तापवावे लागते. ऊर्जेची बचत सांगताना हा टप्पाही मोजला पाहिजे. कित्येकदा बीकरमध्ये वाचवलेली उष्णता धुण्याच्या द्रावकात आणि निर्वात ओव्हनमध्ये परत खर्च होते, आणि तसे असेल तर तसे लिहावे.

कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेपासून खोलीच्या तापमानाला झिओलाइट करता येईल का?

उपयोगी वेगाने नाही. राखेतील काचेसारखे अ‍ॅल्युमिनोसिलिकेट तीव्र अल्कलीत विरघळवण्यासाठी आणि सिलिकॉन-ऑक्सिजन बंधांची नवी जाळी जुळवण्यासाठी साधारणतः ९० ते १०० अंश आणि कित्येक तास लागतात. विषय नागपूरसाठी महत्त्वाचा आहे, पण तो या पानाच्या मर्यादेत बसत नाही.

द्रावक न वापरता केवळ वाटून असे पदार्थ होतात का?

काही होतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत राहुल बॅनर्जी यांच्या गटाने २०१३ मध्ये सहसंयुजी सेंद्रिय चौकटी खलात घोटून खोलीच्या तापमानाला बनवल्या. द्रावणातील पद्धतीच्या तुलनेत अशा नमुन्यांची स्फटिकता कमी असते.

मेथॅनॉल आणि इतर रसायनांबाबत येथे विशेष काळजी कोणती?

मेथॅनॉलचा प्रज्वलनांक (फ्लॅश पॉइंट) सुमारे ११ अंश आहे, म्हणजे नागपूरच्या जवळजवळ प्रत्येक दिवशी त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि उन्हाळ्यात ती फारच वेगाने निघते. पंख्याखाली उघड्या बीकरमध्ये तासभर ढवळले तर वाफ श्वासात जाते आणि द्रावणाची संहतीही बदलते. त्यामुळे झाकण आणि फ्यूम हूड दोन्ही हवेत. डायमेथिलफॉर्मामाइड प्रजननक्षमतेला व गर्भाला हानिकारक आहे आणि त्वचेतून आत जाते. फेरोसायनाइडच्या उरलेल्या द्रावणात तीव्र आम्ल कधीही ओतू नये, कारण त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो.

उरलेली द्रावणे बेसिनमध्ये ओतली तर चालतात का?

नाही. शहराच्या सांडपाण्याचा काही भाग शेवटी नाग नदीत जातो, आणि तांब्याचे व चांदीचे आयन जलचरांना फार कमी प्रमाणातही घातक असतात. चांदी मीठ घालून सिल्व्हर क्लोराइडच्या रूपात बाजूला काढावी आणि साठवावी. तिची किंमतही वसूल होऊ शकते. तांबे आणि जस्त सोडियम कार्बोनेटने अवक्षेपित करून घन कचऱ्याच्या बाटलीत जमा करावे. शिशाच्या द्रावणांसाठी वेगळी, नाव लिहिलेली बाटली असावी आणि ती घातक कचरा स्वीकारणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच जावी. झिफ-८ चे पहिले धुवण टाकू नये : ते ऊर्ध्वपातित करून मेथॅनॉल परत मिळते, खाली उरलेल्या घनात मुख्यतः २-मेथिलइमिडाझोल, त्याचे नायट्रेट आणि थोडे जस्त असते. हा घन पुढच्या तुकडीत वापरायचा असेल तर आधी त्यातील जस्ताचे प्रमाण मोजून घ्यावे, अन्यथा १ : ८ हे प्रमाण कागदावरच राहते.